आधी अर्थिंग मोजा, मग मीटर लावा
घरगुती सौर व बॅटरी संचधारकांचे मागणीपत्र – जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलढाणा

प्रति,
1. वीज वितरण कंपनीचे सक्षम अधिकारी, मेहकर उपविभाग व बुलढाणा मंडळ
2. मा. विद्युत निरीक्षक, बुलढाणा
3. मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा
4. जानेफळ परिसरात काम करणारे सौर योजनेचे नोंदणीकृत विक्रेते
प्रत माहितीसाठी : ग्रामपंचायत, जानेफळ

विषय : घरगुती सौर व बॅटरी संचांच्या अर्थिंगची मोजणी, दुरुस्ती आणि जबाबदारी निश्चित करण्याबाबत.

महोदय,

जानेफळ व आसपासच्या गावांत ज्यांनी स्वतःच्या छतावर सौर पॅनल बसवले, त्यांच्या संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र सादर करत आहोत. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. देशातील 1 कोटी घरे आणि 75,021 कोटी रुपयांची तरतूद एवढी तिची व्याप्ती आहे. पहिल्या 2 किलोवॉटला प्रति किलोवॉट 30,000 रुपये आणि 3 किलोवॉट व त्यापुढे कमाल 78,000 रुपये अनुदान मिळते. उरलेली रक्कम आमच्या सदस्यांनी स्वतः भरली, कोणी साठवणीतून, कोणी बँकेचे कर्ज काढून.

या अनुदानात बॅटरीचा समावेश नाही. ग्रिडला जोडलेला साधा सौर संच लाइट गेली की आपोआप बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्याला मागून करंट लागू नये, म्हणून तो तसाच बनवलेला असतो आणि ते योग्यच आहे. पण भर उन्हात डोक्यावर पॅनल तापत असताना घरातला पंखा बंद, ही अवस्था कोणाला परवडणार? म्हणून अनेकांनी नंतर हायब्रीड इन्व्हर्टर घेतला किंवा घरातला जुना इन्व्हर्टर व बॅटरी नव्या संचाला जोडून घेतली.

अडचण इथे सुरू होते. पॅनल एकाने बसवले, बॅटरी दुसऱ्याने जोडली, घराचे वायरिंग तिसऱ्याने कधीकाळी केलेले. अर्थिंग या तिघांच्याही कामाला लागते, पण तिघांपैकी कोणीच त्याची जबाबदारी घेत नाही. आमचे म्हणणे एका वाक्यात असे : अर्थिंगचा पुरावा म्हणजे मोजणीचा आकडा. तो आकडा लिहून दिल्याशिवाय कोणताही संच पूर्ण झाला असे समजू नये.

या मागण्यांचा आधार

आम्ही नवा कायदा मागत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम 2010 मध्ये आले आणि 2023 मध्ये नव्याने लागू झाले. अर्थिंगसाठी आयएस 3043 हे भारतीय मानक आहे, त्याची सुधारित आवृत्ती 2018 ची आहे. छतावरील सौर संचांसाठी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने दिलेल्या तांत्रिक अटींत भूरोध, म्हणजे अर्थिंगचा जमिनीशी असलेला रोध, 5 ओहमपेक्षा कधीही जास्त नसावा असे म्हटले आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे छतावरील ऊर्जानिर्मितीचे विनियम 2019 चे आहेत. कागद पुरेसे आहेत. त्यांची अंमलबजावणी आमच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोहोचलेली नाही.

मागणी 1 : भूरोध मोजून लेखी द्यावा

आज अर्थिंग ‘ओके’ ठरवण्याची पद्धत अशी आहे. मिस्त्री फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 100 वॉटचा बल्ब लावतो. बल्ब पेटला की काम संपले. या बल्बचा स्वतःचा रोधच सुमारे 529 ओहम असतो. अर्थिंग 50 ओहम इतके निकामी असले तरी बल्बला 210 व्होल्ट मिळतात आणि तो लख्ख पेटतो. म्हणजे मर्यादेच्या दहापट वाईट अर्थिंगही या परीक्षेत पास होते. त्यानंतर संचासोबत घरमालकाचा फोटो काढला जातो. फोटोत खड्ड्याचे झाकण दिसते, खाली काय आहे ते दिसत नाही.

आमची मागणी : प्रत्येक संचाचा भूरोध अर्थ टेस्टरने, दोन सहायक खुंट्या रोवून मोजावा. प्रत्येक खड्ड्याचा वेगळा आकडा आणि सर्व खड्डे जोडल्यानंतरचा एकत्रित आकडा अहवालात असावा. मोजणीची तारीख, जमिनीची स्थिती आणि मोजणाऱ्याचा परवाना क्रमांक त्यावर असावा. ही नोंद नसलेला पूर्णत्व अहवाल कंपनीने स्वीकारू नये. वीज ग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने संच कार्यान्वित करण्यासाठी कंपनीला 15 दिवसांची मुदत दिली आहे. मोजणीचे काम तासाभराचे आहे, ते या मुदतीत सहज बसते. मोजणीचे कारण सांगून मीटर लांबवणे आम्हाला मान्य होणार नाही.

मागणी 2 : मोजणी उन्हाळ्यातही व्हावी

आमच्या भागात वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाळ्यात काळी माती ओल धरते आणि अर्थिंगचा आकडा छान येतो. एप्रिल-मे मध्ये तीच जमीन आकसते, तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रॉडभोवतीची माती रॉडला सोडते. वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत कडाडतात. ऑगस्टमधल्या मोजणीवर मे महिन्याची सुरक्षितता ठरवता येत नाही.

आमची मागणी : पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात बसवलेल्या प्रत्येक संचाची पहिल्या उन्हाळ्यात फेरमोजणी व्हावी. योजनेत विक्रेत्यावर 5 वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. दरवर्षी मे अखेरपर्यंतची एक मोजणी त्याच देखभालीचा भाग धरावी, त्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत.

मागणी 3 : रॉड पूर्ण लांबीचा, खड्डे जोडलेले

आयएस 3043 नुसार पाइप किंवा रॉड किमान 2.5 मीटर लांबीचा हवा. मुरमाच्या थराला पहार लागली की मजूर थांबतो, उरलेला रॉड कापला जातो आणि वर सिमेंटचे झाकण बसते. मानकात यावर तोड आहे. कठीण थर लागल्यास रॉड उभ्या रेषेपासून 30 अंशांपर्यंत तिरपा घालता येतो. तेही जमत नसेल तर किमान अर्धा मीटर खोल चर खणून पट्टी आडवी पुरता येते.

दुसरा घोळ खड्ड्यांच्या संख्येचा आहे. केंद्राच्या अटींत डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक (लाइटनिंग अरेस्टर) यांसाठी तीन स्वतंत्र खड्ड्यांचे बंधन 10 किलोवॉट व त्यापुढील संचांना आहे. आमचे बहुतेक संच त्याहून फार लहान आहेत. त्यामुळे कोणी तीन खड्डे सांगतो, कोणी एकात भागवतो, आणि तीन असले तरी ते एकमेकांना जोडायचे की नाही यावर प्रत्येकाचे मत वेगळे. न जोडलेले खड्डे धोक्याचे असतात. जवळ वीज पडली की एका खड्ड्याचा दाब क्षणात चढतो, दुसऱ्याचा चढत नाही, आणि हा फरक इन्व्हर्टरच्या पोटातून वाट काढतो.

आमची मागणी : 10 किलोवॉटखालील घरगुती संचांसाठी कंपनीने व विद्युत निरीक्षकांनी मिळून एक पानी मराठी नमुना आराखडा काढावा. वीजरोधकाची तार स्वतंत्र व सरळ खाली यावी आणि सर्व इलेक्ट्रोड जमिनीच्या पातळीला एका मुख्य अर्थपट्टीवर जोडलेले असावेत, हे त्यात स्पष्ट असावे. खड्डा बुजवण्याआधी रॉडला टेप लावून घेतलेला फोटो अहवालाला जोडावा.

मागणी 4 : प्रत्येक घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी

अर्थिंग चांगले असले की एमसीबी पडतो, हा समज गावोगाव आहे. हिशोब वेगळे सांगतो. खड्ड्याचा रोध 20 ओहम असेल आणि फ्रिजच्या पत्र्याला फेज लागला, तर जमिनीत जाणारा प्रवाह फार तर 11.5 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी यावर पडत नाही. पत्रा जीव घेण्याइतक्या दाबावर तसाच राहतो. रोध 5 ओहम असला तरी प्रवाह 46 अँपिअरच्या आत असतो आणि 32 अँपिअरचा एमसीबी तेवढ्यावर तत्काळ पडेल याची खात्री देता येत नाही.

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र इतक्या थोड्या गळतीवर पुरवठा तोडतो की उन्हाळ्यात भूरोध वाढला तरी संरक्षण टिकते. 50 व्होल्ट ही स्पर्शाची मर्यादा धरली, तर 1,600 ओहमपर्यंत तो आपले काम करतो.

आमची मागणी : सौर किंवा बॅटरी संच असलेल्या प्रत्येक घरात, मंजूर भार कितीही कमी असो, आरसीसीबी बंधनकारक करावा. ट्रान्सफॉर्मरविरहित इन्व्हर्टर असेल तर तो किमान ‘ए’ प्रकारचा किंवा इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचा असावा. अशा इन्व्हर्टरच्या गळतीत डीसीचा अंश आला तर साधा ‘एसी’ प्रकार आंधळा होऊ शकतो. दोन-तीन हजार रुपयांचे हे उपकरण लाखाच्या पुढच्या संचातून वगळण्याचे कारण नाही.

मागणी 5 : बॅटरीवर चालताना न्यूट्रलचे काय होते, ते तपासावे

या मागणीपत्रातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हा आहे. ग्रिड चालू असताना आपल्या घरातल्या न्यूट्रलला डीपीवर, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर, अर्थ मिळालेला असतो. लाइट गेली की बहुतेक हायब्रीड इन्व्हर्टर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडून घर वेगळे करतात. आता घरचा न्यूट्रल अधांतरी राहतो. या अवस्थेत फेज पत्र्याला लागला तर प्रवाहाला परतीची वाटच नसते. आरसीसीबी पडत नाही आणि पहिला दोष कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरा दोष होतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण इथे फसवे ठरते. ते फेज आणि न्यूट्रल यांच्यात गळती निर्माण करते. अर्थ वायर तुटलेली असली, न्यूट्रल अधांतरी असला, तरी बटण दाबल्यावर खटका पडतोच.

उपाय म्हणून काही मिस्त्री घरातच न्यूट्रल आणि अर्थ कायमचे बांधून टाकतात. हा दुसरा अपघात आहे. हा जोड आरसीसीबीच्या पुढे असेल तर खटका वारंवार पडतो आणि शेवटी कंटाळून आरसीसीबीच काढला जातो. मागे असेल तर डीपीचा न्यूट्रल तुटण्याच्या दिवशी सगळ्या गल्लीचा असमतोल प्रवाह त्या एका घराच्या खड्ड्यातून जमिनीत जाऊ पाहतो.

आमची मागणी : ग्रिडपासून वेगळे झाल्यावरच न्यूट्रल-अर्थ जोड करणारी आणि ग्रिड परत येताच तो सोडणारी रिले ज्या इन्व्हर्टरमध्ये आहे, ती चालू केलेली असावी. नसल्यास उत्पादकाने सांगितलेला बाह्य संपर्कक बसवावा. ज्या साध्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल सलग पुढे जातो, तिथे तो कुठेही स्विचने तोडलेला नसावा. मेन बंद करून, संच बॅटरीवर चालवून, फेज-अर्थ गळती देणाऱ्या टेस्टरने आरसीसीबी पडतो का ते पाहावे आणि निकाल अहवालात लिहावा. ट्रान्सफॉर्मरविरहित संचात पॅनलची किंवा बॅटरीची मायनस वायर पुस्तिकेत स्पष्ट सांगितल्याशिवाय कोणीही अर्थ करू नये.

मागणी 6 : लाइनमनच्या जिवाशी खेळ नको

नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांत बॅटरी असलेल्या संचाला बॅकअपचे वायरिंग स्वतंत्र ठेवण्याची अट आहे. बॅटरीची वीज बंद लाइनवर उलटी जाऊ नये, म्हणून स्वयंचलित आणि हाताने चालणारा असे दोन्ही विलगक स्विच हवेत. नंतर जोडलेल्या बॅटऱ्या कंपनीच्या नोंदीत नाहीत. खांबावर चढणाऱ्या कर्मचाऱ्याला खालच्या घरात दुसरा वीजस्रोत आहे हे कळायला मार्ग नाही. तो कर्मचारी याच पंचक्रोशीतला असतो.

आमची मागणी : नंतर बसवलेल्या बॅटरीची नोंद करण्यासाठी एक पानी, शुल्कमुक्त अर्ज सुरू करावा. स्वतःहून नोंद करणाऱ्या ग्राहकावर पहिल्या 6 महिन्यांत दंडात्मक कारवाई करू नये. तपासणीत त्रुटी आढळल्यास दुरुस्तीला 30 दिवस द्यावेत. मीटरपेटीवर ‘येथे सौर व बॅटरी पुरवठा आहे’ अशी ठळक मराठी पट्टी लावावी.

मागणी 7 : पॅनलची चौकट व सर्ज संरक्षण

पॅनलच्या ॲल्युमिनियम चौकटीवर जो लेप असतो, त्यातून वीज वाहत नाही. चौकट लोखंडी सांगाड्याला नुसती आवळली म्हणजे अर्थ झाली असे होत नाही. लेप खरवडणारे दातेरी वॉशर आणि चौकटीवरील अर्थच्या छिद्रातून घेतलेली तार लागते. आमच्याकडे टिनाच्या छपरांची घरे पुष्कळ आहेत. तिथे सुटलेली डीसी वायर सगळे छप्पर जिवंत करू शकते.

आमची मागणी : प्रत्येक चौकट, सांगाडा आणि टिनाचे छप्पर यांची सलगता मोजून नोंदवावी. डीसी व एसी दोन्ही बाजूंना सर्ज संरक्षक असावेत आणि त्यांच्या जोडतारा अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसाव्यात. लांब तारेचा संरक्षक कागदावर राहतो, विजेच्या वेळी उपयोगी पडत नाही.

मागणी 8 : डीपीचे अर्थिंग ही कंपनीची जबाबदारी

घराचे अर्थिंग कितीही नेटके असले, तरी डीपीच्या न्यूट्रलचा अर्थ सुटला असेल तर घरातल्या न्यूट्रलचा जमिनीशी असलेला दाब वरखाली होतो. न्यूट्रल पूर्ण तुटला तर 230 व्होल्टच्या उपकरणाला 400 व्होल्टच्या आसपास दाब बसू शकतो. इन्व्हर्टर जळाला की विक्रेता लाइनकडे बोट दाखवतो, लाइनवाले विक्रेत्याकडे, आणि बिल ग्राहक भरतो. शिवाय ग्राहकाच्या आवारात पुरवठ्याच्या ठिकाणी योग्य अर्थ टर्मिनल देणे व राखणे हे पुरवठादाराचे कर्तव्य आहे. गावातल्या किती मीटरपेट्यांत ते आहे, हे प्रत्यक्ष फिरून पाहावे.

आमची मागणी : गावठाणातील प्रत्येक डीपीचा न्यूट्रल, बॉडी व वीजरोधक यांचा भूरोध दरवर्षी मे अखेरपर्यंत मोजावा आणि आकडा तारखेसह डीपीवर रंगवावा. ज्या डीपीवर सौर ग्राहक आहेत, तिथून सुरुवात करावी. सौर संचधारकांच्या मीटरजवळ अर्थ टर्मिनल 90 दिवसांत द्यावे. न्यूट्रल तुटून उपकरणे जळाल्याची तक्रार आल्यास 7 दिवसांत संयुक्त पंचनामा करून त्याची प्रत ग्राहकास द्यावी.

मागणी 9 : बसलेल्या संचांची तपासणी आणि जबाबदार माणूस

वरील नियम केवळ नव्या ग्राहकांना लावून आधीच्यांना वाऱ्यावर सोडणे न्याय्य नाही. आधीच्यांनीही तितकेच पैसे मोजले आहेत.

आमची मागणी : 5 वर्षांच्या देखभाल मुदतीतील प्रत्येक संच विक्रेत्याने 120 दिवसांत तपासून वरील नमुन्यात अहवाल द्यावा. अर्थिंगमधील मूळ त्रुटी स्वखर्चाने दुरुस्त कराव्यात. नकार देणाऱ्या विक्रेत्याची नोंदणी स्थगित करण्याची शिफारस कंपनीने व जिल्हा प्रशासनाने करावी. तालुक्यातील आयटीआयच्या वीजतंत्री व तारतंत्री विद्यार्थ्यांना या मोजणीचे प्रात्यक्षिक द्यावे. त्यातून गावातच जाणती माणसे तयार होतील आणि कर्मचारी कमी असल्याची अडचणही उरणार नाही.

आमच्या बाजूच्या अटी

जबाबदारी फक्त समोरच्यावर टाकणारे हे मागणीपत्र नाही. आमचे सदस्य पुढील गोष्टी पाळतील.

क) लाइट कमी-जास्त असताना फेज आणि अर्थवर बल्ब किंवा मोटर चालवण्याचा प्रकार कोणताही सदस्य करणार नाही. आढळल्यास संघटना त्याची बाजू घेणार नाही.
ख) आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकला जाणार नाही, दोष शोधला जाईल.
ग) प्रत्येक सदस्य आपल्या बॅटरीची नोंद अर्ज उपलब्ध झाल्यापासून 60 दिवसांत करेल.
घ) परवानाधारक तारतंत्र्याशिवाय दुसऱ्या कोणालाही इन्व्हर्टर, बॅटरी किंवा अर्थिंगच्या कामाला हात लावू देणार नाहीत.
ङ) संघटना स्वतःचा एक अर्थ टेस्टर विकत घेईल. अधिकाऱ्यांच्या मोजणीच्या वेळी तो शेजारी ठेवला जाईल आणि आकड्यांत फरक आल्यास दोन्ही नोंदवले जातील.

मुदत

हे मागणीपत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत संयुक्त बैठक बोलवावी. ती जानेफळ येथे व्हावी, म्हणजे चर्चेनंतर दोन-तीन घरांत जाऊन प्रत्यक्ष मोजणी करता येईल. 30 दिवसांत प्रत्येक मागणीवर मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य असे कारणांसह लेखी उत्तर द्यावे. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे उत्तर आम्ही उत्तर समजणार नाही.

मुदतीत उत्तर न आल्यास कंपनीशी संबंधित मागण्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि विक्रेत्यांशी संबंधित मागण्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेल्या जातील. आमची तयारी झालेली आहे, पण मोजणी झाली तर त्या वाटेने जाण्याची गरज पडू नये.

मागण्या 1, 4 आणि 5 यांना सरकारी निधी, निविदा किंवा नवा शासन निर्णय लागत नाही. शासन व कंपनीच्या बाजूने एक टेस्टर, एक परवानाधारक माणूस आणि अहवालात तीन ओळी वाढवणे एवढेच लागते. म्हणून या तीन मागण्या येत्या उन्हाळ्यापूर्वी पूर्ण व्हाव्यात, हा आमचा आग्रह कायम राहील.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य
घरगुती सौर व बॅटरी संचधारक, जानेफळ परिसर